कांद्याचं भाषण

मी तीस वर्षं हिंगणघाटला शाळेत भूगोल शिकवला आणि त्यातली वीसेक वर्षं वादविवाद स्पर्धेसाठी मुलं तयार केली. मुख्याध्यापकांच्या खोलीत काचेचं कपाट आहे, त्यातल्या वरच्या दोन फळ्यांवरच्या ढाली माझ्या आहेत. खरं तर त्या मुलांच्या. पण मी नेहमी माझ्याच म्हणत आलो, आणि कुणी कधी हटकलं नाही.

ढाली जिंकायची माझी एक युक्ती होती. विषय कुठलाही असो, सगळ्या शाळांना सरळ बाजू हवी असते. त्यामुळे परीक्षकांना तेच भाषण दहा तोंडांतून दहा वेळा ऐकावं लागतं. अकरावं मूल उभं राहून उलटं बोललं आणि त्यानं दोनदा हसवलं, की जांभया देणारे परीक्षक सावरून बसतात. म्हणून मी कायम उलटी बाजू मागून घ्यायचो. त्या बाजूत तथ्य किती, हा प्रश्न मला पडत नसे. तसं कुणी विचारलं तर मी म्हणायचो, ही स्पर्धा आहे, कोर्ट नाही.

एका वर्षी विषय आला, ‘जागतिक तापमानवाढ : संकट की थोतांड?’ मी अर्थातच थोतांड घेतलं. वर्गात मी हवामानाचा धडा शिकवत होतो, त्यात काय लिहिलंय ते मला तोंडपाठ होतं, आणि तरी घेतलं. त्याचं मला तेव्हा काहीही वाटलं नाही, हे आज सगळ्यात जास्त वाटतं.

बोलणारी मुलगी नववीत होती. तिचे वडील गवंडीकाम करायचे, गावात सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत. पोरीचा आवाज खणखणीत होता आणि एकदा वाचलेलं ती विसरत नसे. मी भाषण लिहून देण्याआधीच ती स्वतःचं दोन पानी भाषण लिहून घेऊन आली होती. ते संकटाच्या बाजूचं होतं. मी स्टाफरूममध्ये बसून लाल पेन काढलं, वरून खालपर्यंत तिरपी काट मारली आणि खाली शेरा लिहिला. ती टेबलाजवळ उभी होती.

“सर, मले या बाजूनं नाई का बोलता येनार?” तिनं विचारलं.

“त्या बाजूनं सगळेच बोलतील,” मी म्हणालो. “बक्षीस हवंय ना?”

तिनं काट मारलेल्या पानांकडे पाहिलं. मग म्हणाली, “पायजे सर.”

मग मी माझं भाषण लिहिलं. आमच्याकडे उन्हाळ्यात बाहेर पडताना खिशात कांदा ठेवतात, त्यानं ऊन लागत नाही असं म्हणतात. माझ्या वडिलांच्या बंडीला त्यासाठी वेगळा खिसा होता. तोच कांदा मी पकडला. “अध्यक्ष महोदय, माझ्या आजोबांच्या खिशात कांदा होता, माझ्या बाबांच्या खिशात कांदा आहे. ज्यांच्या खिशात कांदा नाही, फक्त त्यांनाच पृथ्वी तापल्याचं कळतं! वर्धा जिल्ह्याला उन्हाची भीती दाखवणं म्हणजे वणा नदीच्या मासोळीला पाण्याची भीती दाखवणं आहे. ऊन आम्हाला नवं नाही, महोदय. नव्या आहेत त्या फक्त तुमच्या परिषदा. परिषदा बंद करा आणि कांदे वाटा!” इथं तिनं कंपासमधून एक कांदा काढून दाखवायचा, असं मी बसवलं होतं. तिनं तो असा काही काढला की सभागृह पाच मिनिटं शांत होईना.

ढाल आमच्या शाळेला आली आणि वैयक्तिक पहिल्या बक्षिसाचा पितळी कप तिला मिळाला. मिस्त्री शेवटच्या रांगेत बसले होते. अर्धा दिवस काम सोडून आले होते, पावलांवर सिमेंट वाळलेलं होतं. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला. “जय भीम, सर. माह्या पोरीनं भल्याभल्यायले गप केलं,” म्हणाले आणि ढसाढसा रडले. मी त्यांच्या खांद्यावर थोपटलं. मला वाटलं, मी किती चांगला मास्तर आहे.

त्यांनी ते भाषण पाठ केलं. लिहिता-वाचता जेमतेम येणारा माणूस, पण पोरीकडून ऐकून ऐकून स्वल्पविरामासकट पाठ केलं. एप्रिलमध्ये जयंतीच्या मंडपात पोरीला दरवर्षी ते पुन्हा म्हणायला लावायचे. कामावर मजुरांना ऐकवायचे. कांदा तर आधीपासून त्यांच्या खिशात असायचाच. आता तो खिशातून काढून दाखवायचेही.

मी निवृत्त झालो आणि वर्ध्याला लागून बोरगाव मेघेत आधी बांधून ठेवलेल्या घरात राहायला आलो. सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा आमचा एक कट्टा आहे आणि त्या कट्ट्याचा मोबाइलवर ग्रुप आहे. मला नवी शाळा मिळाली म्हणायची. आमच्यात एक निवृत्त बँकवाले आहेत, अतिशय सज्जन माणूस. ते दर उन्हाळ्यात कळकळीनं सांगायचे, की हे काही ठीक चाललेलं नाही, पूर्वी असं नव्हतं. मी त्यांना बोलू द्यायचो, मग एक फटका मारायचो. “साहेब, तुमच्या बँकेत एसी होता. ऊन होतंच, तुम्हाला भेटलं नव्हतं.” सगळे हसायचे. बँकवालेही हसायचे. कांद्याचं भाषण मी ग्रुपवर टाकलं, तेव्हा ते कुठून कुठून फिरून ‘एका अडाणी शेतकऱ्यानं शास्त्रज्ञाला दिलेलं उत्तर’ म्हणून माझ्याकडेच परत आलं. मी पत्नीला मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं विचारलं, “पण तुम्हाला हे खरं वाटतं का हो?” मी म्हणालो, वाटायचं काय त्यात. हेच माझं एकूण मत होतं. पृथ्वी तापते की नाही याच्याशी मला देणंघेणं नव्हतं. मला शेवटचं वाक्य माझं हवं असायचं.

मग मी घरावर वरची खोली काढायला घेतली. मिस्त्रींनाच बोलावलं. त्यांची मुलगी तोवर नर्स होऊन गिरडच्या बाजूला एका सरकारी दवाखान्यात लागली होती. भिंती एप्रिलमध्ये झाल्या, स्लॅबला मे उजाडला. पावसाआधी खोली उरकायची म्हणून मी सारखा मागे लागलो होतो. खोलीची काही घाई नव्हती. माझा स्वभावच तसा.

स्लॅबच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला.

“सर, मी बोलून राह्यली. उद्याचा स्लॅब चार दिवस पुढं ढकला ना. आमच्या इथं रोज ऊन लागलेलेच पेशंट येऊन राह्यले. बाबाले मी सांगून पाह्यलं, माह्यं आयकतच नाई. तुमचं आयकते ते.”

“काय गं,” मी म्हणालो, “स्वतःचंच भाषण विसरलीस?”



“नाई विसरली, सर,” ती म्हणाली. तिनं फोन ठेवला.

मी तिला वाद घालायला शिकवलं होतं, पण माझ्याशी घालायला कधी शिकवलं नव्हतं. मी खुशीत होतो. पत्नीला सांगितलंसुद्धा, पोरगी अजून माझ्यासमोर गप्प होते.

ठरलं होतं असं, की पहाटे उजाडताच काँक्रीटचा माल ओतायला सुरुवात करायची आणि ऊन चढायच्या आत बराचसा भाग उरकायचा. पण मिक्सरची मशीन वाटेत चाक बसून अडकली आणि आली साडेनवाला. मजूर सावलीत बसून होते. आता स्लॅबचं असं असतं, की एकदा सुरू केला की थांबता येत नाही. अर्धा टाकून सोडला तर तिथं जोड राहतो आणि पुढे जन्मभर त्या जोडातून पाणी झिरपतं. म्हणजे साडेनवाला सुरू करायचं तर भर दुपारी तीनपर्यंत वर उघड्यावर राहायचं, हे तिथं प्रत्येकाला माहीत होतं.

मिस्त्री माझ्याजवळ आले. “सर, काय करता? सुरू करू का उद्या सकाळी ठिवू?”

त्यांनी माझ्यावर सोडलं होतं. उद्या म्हणालो असतो तर उद्या झालं असतं. मशीनवाला कुरकुरला असता, एवढंच. सगळे मजूर माझ्याकडे बघत होते आणि मला, काय सांगू, सभागृह दिसलं. मी आत स्वयंपाकघरात गेलो, टोपलीतून एक चांगला मोठा कांदा घेतला, बाहेर येऊन मिस्त्रींच्या सदऱ्याच्या खिशात घातला आणि वरून थोपटला. “ज्यांच्या खिशात कांदा नाही...” मी सुरू केलं, आणि मिस्त्रींनी खणखणीत आवाजात वाक्य पूर्ण केलं, “फक्त त्यायलेच पृथ्वी तापल्याचं कळते!” सगळे हसले. मशीन सुरू झाली.

मी मठ्ठा करून ठेवला होता. दर तासाला वर पाठवत होतो आणि मालक म्हणून आपण किती चांगले, असं मनात म्हणत होतो. बाया दुपट्टे ओले करून डोक्याला गुंडाळत, घमेली वर देत होत्या. मी खालच्या खोलीत कूलरसमोर बसून मधूनमधून खिडकीतून बघत होतो.

दोनच्या सुमारास एक बाई धावत खाली आली. “सर, मिस्त्री कसेतरीच करून राह्यले.” मी वर गेलो. मिस्त्री उकिडवे बसून थापीनं एकच जागा पुन्हा पुन्हा गुळगुळीत करत होते. घाम नव्हता. इतक्या उन्हात त्यांच्या अंगावर घामाचा थेंब नव्हता. मी हात लावला तर चटका बसला. मी हाक मारली तर वर बघून म्हणाले, “चाला, चाला, उशीर होऊन राह्यला. पोरीचं भाषन हाय.” आणि उठायला गेले ते ओल्या मालावर आडवे झाले.

आम्ही चौघांनी त्यांना जिन्यावरून खाली आणलं. आता जे लिहितोय ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. त्यांना ऑटोत घालताना बाकीचे मजूर काम टाकून भोवती जमले होते, आणि मी त्यांच्याकडे वळून ओरडलो, “तुम्ही वर जा, काम थांबवू नका, जोड राहील!” माणूस ऑटोत बरळत होता आणि मी जोडाचा विचार करत होतो. ते वर गेले. जोड राहिला नाही. माझी खोली आजही गळत नाही.

दवाखान्यात त्यांच्या अंगावर बर्फ घातला. संध्याकाळपर्यंत मुलगी पोचली. तिथल्या नर्सनं त्यांच्या खिशातल्या वस्तू एका पिशवीत घालून तिच्या हातात दिल्या. मोजायचा टेप, तंबाखूची डबी आणि माझा कांदा. तिनं तो कांदा हातात घेऊन पाहिला. मी समोरच्या बाकावर होतो. मला वाटलं आता ती विचारेल. ती उठली, कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यात कांदा टाकला आणि वडिलांच्या उशाशी जाऊन बसली.

मिस्त्री वाचले. पण पूर्वीचे राहिले नाहीत. चालताना तोल जातो, बैलगाडीत उभा असलेला माणूस जसा पाय टाकतो तसे टाकतात. हात थरथरतो. भिंत सरळ आहे का हे बघायला ते ओळंबा धरायचे तेव्हा दोरी कशी स्थिर असायची हे मी पाहिलंय. आता त्यांच्या हातात चहाची बशी वाजते. डॉक्टरांनी बजावलं, पुन्हा उन्हात उभं राहायचं नाही, दुसऱ्यांदा झालं तर शरीर ऐकणार नाही.

इकडे स्लॅबला पाणी मारायचं काम माझ्यावर आलं. स्लॅब पक्का होण्यासाठी वर मातीचे छोटे बांध घालून, आळी करून, त्यात पाणी साठवून ठेवावं लागतं. सकाळी आळी भरायची आणि संध्याकाळी भरायची, असं मी लहानपणापासून पाहत आलो. पण सकाळी भरलेलं पाणी बाराच्या आतच आटून जायचं आणि स्लॅब पांढरा पडायचा. मी मिस्त्रींच्या घरी फोन केला. ते अडखळत म्हणाले, “आता तीनदा भरा लागते, सर. पह्यले दोनदात भागे.” मी बरं म्हणालो आणि दुपारी डोक्याला पंचा गुंडाळून तिसऱ्यांदा पाणी भरू लागलो. त्या वाक्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला नाही. भूगोलाचा मास्तर मी.

अपराधी वाटायचं, नाही असं नाही. पण ते मी जरा सोयीस्कर करून घेतलं होतं. मशीन उशिरा आली, त्यांचं वय झालं होतं, ऊन तर सगळ्यांनाच होतं. ग्रुपवर मी त्या विषयावर बोलणं बंद केलं. बँकवाल्यांनी एकदा विचारलं, काय सर, हल्ली कांदा नाही? मी म्हणालो, महाग झाला. ते हसले. मीही हसलो आणि घरी येऊन जेवलो नाही.

पुढच्या वर्षी मेच्या तोंडावर तिचा फोन आला. या वेळी ती विनवत नव्हती.

“सर, बाबा पुन्हा कामावर जाऊन राह्यले. खाली उभं राहून काम दाखोतो फक्त म्हनते. भर दुपारी. खिशात कांदा घेऊन. मी बोलली तं तुमचं भाषन म्हनून दाखोते मले. हे तुमी शिकोलेलं हाय, तुमीच पुसा.”

मी हिंगणघाटला गेलो. मिस्त्री घरी होते. उठून उभे राहायला लागले, मी हात धरून बसवलं. टीव्हीच्या वर तो पितळी कप होता, चिंचेनं घासून लख्ख केलेला. मी सुरुवात केली. ऊन वाढलंय, मिस्त्री, पूर्वीचं राहिलं नाही, तुमच्या अंगाला आता सोसणार नाही. ते ऐकत राहिले, मग हसून म्हणाले, “सर, वनेच्या मासोळीले पान्याचं भेव दाखोता का?” मी म्हणालो, ते भाषण होतं, मिस्त्री, भाषणात तसं बोलतात. ते म्हणाले, “त्या दिवशी कांदा होता म्हनून तं वाचलो. नसता तं गेलतोच की मी.” मी कांद्यानं काही होत नाही म्हणालो. “आजोबाच्या खिशात होता, बापाच्या खिशात होता,” ते म्हणाले. मी अर्धा तास बोललो. प्रत्येक वाक्याला त्यांच्याकडे उत्तर तयार होतं आणि ते माझंच होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी वादात हरलो. बसमध्ये परत येताना मला रडू येत होतं आणि शेजारचा माणूस बघेल म्हणून मी खिडकीकडे तोंड करून बसलो.

घरी आल्यावर वरच्या खोलीत गेलो. शाळेचे जुने कागद मी तिथं नेऊन ठेवले होते. माझ्याच भाषणातली भोकं शोधावीत आणि पुन्हा जाऊन एकेक दाखवावं, असं मनात होतं. अजूनही मी खंडनाचे मुद्देच काढत होतो. भाषण सापडलं. त्याला मागून टाचणी लावलेले दोन कागद होते. वहीचे रेघांचे, निळ्या शाईतले, वरून खालपर्यंत लाल काट मारलेले.

वाचताना मी त्या स्लॅबखाली जमिनीवरच बसलो. नववीतल्या पोरीनं लिहिलं होतं, की माझे बाबा गवंडी आहेत. मी लहान असताना बाबा स्लॅबवर आळी बांधून सकाळी पाणी भरायचे, ते संध्याकाळपर्यंत राहायचं. आम्ही बहिणी त्यात कागदाच्या नावा सोडायचो. आता दुपारच्या जेवणापर्यंत आळी कोरडी होतात. बाबांना तीनदा पाणी भरावं लागतं. बाबा म्हणतात विहिरीचं पाणी जड झालं असेल, सिमेंट बदललं असेल. पण मला वाटतं, पाणी तेच आहे आणि सिमेंटही तेच आहे. म्हणून मला बाबांची काळजी वाटते, कारण बाबा त्याच स्लॅबवर उभे असतात.

खाली माझ्या अक्षरात शेरा होता. ‘घरगुती उदाहरण. विषयाला धरून नाही.’

त्या रविवारी मुलगी सुट्टीवर घरी येणार होती. मी पुन्हा गेलो. मिस्त्री बाजेवर बसले होते, ती खाली ताटात गहू निवडत होती. मी कागद तिच्या हातात दिले. तिनं एकदा वरची ओळ पाहिली, एकदा माझ्याकडे पाहिलं.

“वाचून दाखव बाबाले,” मी म्हणालो.

ती उभी राहिली. मी शिकवलं होतं तशीच, पाय जुळवून, हात मागे. मग हात पुढे घेऊन कागद धरले आणि म्हणाली, “अध्यक्ष महोदय.” आवाज तोच होता. मिस्त्री आधी हसत होते, भाषण ऐकायची सवय झालेला चेहरा करून. ती कागदाच्या नावांपाशी आली तेव्हा त्यांचं हसू थांबलं. आळी कोरडी होतात, तिथं त्यांनी मान हलवली, हो, होतात. ‘बाबांची काळजी वाटते’ हे तिला नीट वाचता आलं नाही, आवाज फाटला, तरी तिनं शेवटपर्यंत वाचलं.

आधीच सांगून टाकतो, मिस्त्री त्यानंतर दुपारी कामावर गेले नाहीत. दहाच्या आत घरी येतात. पण ही गोष्ट त्यासाठी लिहीत नाहीये.

वाचून झाल्यावर तिनं कागदांची घडी घातली. मग मिस्त्रींनी तिला विचारलं, “हे कवा लिहिलंतं, माय?”

“नववीत. त्या स्पर्धेच्या पह्यले.”

“मंग हे काऊन नाई बोलली?”

ती माझ्याकडे बघेल असं मला वाटलं. तिनं बघितलं नाही. खाली बसून पुन्हा गहू निवडायला लागली. तिनं माझं नाव घेतलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

“मी काट मारली, मिस्त्री,” मी म्हणालो. “तिले हेच बोलायचं होतं. मीच नाई बोलू देल्लं. ते कांद्याचं माह्यं होतं. मलेही ते खरं वाटत नव्हतं.”

मिस्त्री माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही. राग आला असता तर मी खाली बसून त्यांचे पाय धरले असते. मग त्यांनी मान वळवून टीव्हीवरच्या कपाकडे पाहिलं, चिंचेनं घासलेल्या, आणि थरथरत्या हातानं तिकडे दाखवत अगदी साधेपणानं विचारलं, “मंग सर, हे बक्षीस कायचं भेटलं तिले?”

मी तीस वर्षं पोरांना शिकवत आलो, की समोरच्याच्या प्रश्नाला अर्ध्या मिनिटात उत्तर द्यायचं. ते उत्तराची वाट बघत होते. मी चहा न घेता निघालो, आणि फाटकापर्यंत मला सोडायला मुलगीच आली.